दोन थाळ्या आणि चालती वरात

लोक विचारतात, तुम्ही राइस मिलमधले मिस्त्री, मग गाण्याला गाणं जोडायचं हे खूळ तुमच्या डोक्यात शिरलं कुठून? मी सांगतो, मिलमधूनच. ते हसतात. मग माझं टाळकं फिरतं आणि मी त्यांना समोर बसवून सगळं पहिल्यापासून सांगतो.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा मी तुमसरच्या एका मिलमध्ये मिस्त्री होतो. तिशीला टेकलेलो, लग्नाला पाच वर्षं झालेली. मिलमध्ये छताखालून एक लांब लोखंडी शाफ्ट फिरायचा. त्याच्यावर पुल्या, पुल्यांवरून खाली उतरणारे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला एकेक यंत्र. त्यातले धान सोलणारे दोन हलर शेजारी शेजारी बसवलेले होते. दोघांची चाल सारखी असली की दोघांचा मिळून एकच आवाज यायचा. एक जरा मागे पडला की तो आवाज फुगायचा, ओसरायचा, पुन्हा फुगायचा. मालकाला हे ऐकू येत नसे, हमालांना तर नाहीच. मला मात्र जेवताना ऐकू यायचं आणि हातातला घास खाली ठेवून मी उठायचो. हळू चालणाऱ्या हलरच्या वरच्या पुलीला कॅनव्हासचा एक वेढा द्यायचो. पुलीचा घेर वाढला की खालचं यंत्र वेगात यायचं आणि दोन्ही आवाज एक व्हायचे. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. माझा कानच तसा आहे आणि त्याचा मला तेव्हाही गर्व होता, आजही आहे.

होळी झाली की मिलचं काम ओसरायचं आणि लग्नसराई सुरू व्हायची. माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याचं, म्हणजे माझ्या भाटव्याचं, बाजारात लाऊडस्पीकरचं दुकान होतं. रिकाम्या दिवसांत मी त्याच्याकडे कामाला जायचो. भाटवा उंच, कमी बोलणारा, खांद्यावर कायम पांढरा दुपट्टा. माझ्याशी बोललाच तर चिडवायला. ‘साळेबुवा, मिलमधला कोंडा कानातून काढा अन तारा गुंडाळा,’ अशी आमची सकाळ सुरू व्हायची.

त्या काळात आमच्याकडे वरात कशी चालायची ते सांगितलं नाही तर पुढचं कळणार नाही. नवरदेवाकडची मंडळी गावात जिथे उतरायची त्या जागेला जानोसा म्हणतात. तिथून मांडवापर्यंत वरात नाचत जायची. नाचणाऱ्यांच्या मागे चार चाकांची ढकलगाडी, तिच्यावर बॅटरी, आवाज मोठा करणारं मशीन, एक रेकॉर्ड प्लेअर आणि बांबूला बांधलेले दोन पोंगे, म्हणजे कर्णे. आता प्लेअरची पिन म्हणजे नाजूक काम. गाडीचं चाक एका खड्यावरून गेलं तरी ती उडून भलतीकडे पडते. म्हणून गाणं वाजत असताना गाडी उभी राहायची. लोक तिथल्या तिथे नाचायचे. गाणं संपलं की मी पिन उचलायचो, भाटवा वरातीच्या पुढून दुपट्टा हवेत फिरवायचा आणि ओरडायचा, ‘चला, समोर चला!’ मग गाडी पन्नास पावलं ढकलायची, थांबायची, नवीन रेकॉर्ड लावायची. साडेतीन मिनिटं नाच आणि दोन मिनिटं चाल. सगळ्या जिल्ह्यात हीच पद्धत होती आणि त्यात कोणाला काही खुपत नव्हतं.

मला खुपायचं. माणूस अगदी रंगात आलेला असतो, दोन्ही हात वर, डोळे मिटलेले आणि मधेच सगळं बंद. वर गेलेले हात खाली कसे आणायचे हे कोणाला समजायचं नाही. कोणी रुमाल काढून उगाच तोंड पुसायचा, कोणी चप्पल शोधल्यासारखं करायचा. गाडीजवळ उभा राहून मी ते बघायचो आणि मला मिलमधला सुटलेला पट्टा आठवायचा.

मग एका उन्हाळ्यात भाटव्याने दुसरा प्लेअर आणला. एक बिघडला तर दुसरा असावा, एवढ्यासाठीच. दोन्ही बॅटरीवर चालणारे. मी दुकानात ते शेजारी शेजारी ठेवले, दोन्हींवर एकेक रेकॉर्ड चढवली आणि थाळ्या फिरताना बघत बसलो. दोन हलरच दिसले मला. एक गाणं संपायच्या आत दुसरं त्याच्याच ठेक्यावर आत घ्यायचं आणि पहिलं हळूच काढून घ्यायचं. हात खाली येणारच नाहीत. भाटव्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘गाणं संपलं का संपलं. त्यात कायची कारागिरी?’ पण दुपारी दुकान बंद ठेवायचा तेव्हा किल्ली मात्र माझ्याकडे ठेवून जायचा.

वैशाखातल्या दुपारी, शटर अर्धं ओढलेलं, आत भट्टी. मशीनला गाण्याचं एक भोक होतं आणि माइकची दोन. दुसरा प्लेअर मी माइकच्या भोकात घातला. दोन बटनं, दोन गाण्यांचे दोन आवाज. इथपर्यंत सोपं होतं. मग दोन्ही गाणी एकदम चालू केली आणि असा गोंधळ झाला की समोरचा पानवाला विचारायला आला, ‘काहून बापा, मशीन जळून राह्यली का काय?’

चार दिवस गोंधळच. एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड मिळवून दोन्ही प्लेअरवर लावल्या तरी थोड्या वेळात ढोलकीची एक थाप फुटून दोन व्हायची. धप्‌ची धप-धप. मग मी खडूने दोन्ही थाळ्यांच्या काठावर खूण केली आणि घड्याळ लावून फेरे मोजले. नवा प्लेअर हळू होता. मिनिटाला पाऊण फेरा मागे. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! ही चूक माझ्या ओळखीची होती. थाळीखाली मोटरची बारीक दांडी असते, तीच रबरी चाकाला फिरवते आणि चाक थाळीला. दांडी म्हणजे वरची पुली. मी तिला चिकटपट्टीचा वेढा दिला तर प्लेअर धावत सुटला, गाणाऱ्या बाईचा आवाज सात वर्षांच्या पोरीचा झाला. चिकटपट्टी जाड पडत होती. शेवटी विडीच्या बंडलाचा पातळ कागद घेतला, लाळेने ओला करून एकच वेढा चढवला. खडूच्या खुणा पंधरा मिनिटं सोबत फिरल्या.

पण गाणी स्वतःच वेगवेगळ्या चालीची असतात, त्याला कागद काय करणार? मग एका वहीत प्रत्येक रेकॉर्डचे ठोके लिहून काढले. अर्ध्या मिनिटात किती ठोके, एवढंच. सारख्या ठोक्यांच्या जोड्या लावल्या. एखाददुसऱ्या ठोक्याचा फरक असेल तर थाळीच्या काठाला बोट हलकंसं टेकवायचं, म्हणजे ती रेंगाळते. किती हलकं, ते सांगून येत नाही. माझ्या उजव्या तर्जनीचं कातडं त्या उन्हाळ्यात गुळगुळीत झालं होतं.

तरी जोड बसत नव्हता. चाल सारखी असूनही दुसरं गाणं आत येताना अडखळायचं. एका दुपारी बायको डबा घेऊन आली. ती पवनीकडच्या एका खेड्यातली, लहानपणापासून धानाच्या बांध्यांमध्ये रोवणी, म्हणजे भाताची लावणी, केलेली. स्टुलावर बसून तिने माझे दोन-तीन प्रयत्न ऐकले आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

मी चिडलो. ‘तुले काय समजते त्यातलं?’

‘मले गाण्यातलं नाही समजत,’ ती म्हणाली, ‘पण रोवण्यातलं समजते. बाया एका ओळीत रोवत असल्या अन एखादी नवी बाई मधात उतरली, तं ते उतरल्या उतरल्या परा नाही टोचत. पहिले दोन-तीन वेळ हात मोकळाच फिरवते, बाकीच्याइचा हात पायते. मंग टोचते. तुमी तं उतरल्याबरोबर टोचून राह्यले. असं केलं तं सारी ओळ वाकडी जाते.’

परा म्हणजे धानाचं रोप. मी जेवलो नाही. डबा तसाच राहिला आणि मी विचार करत बसलो की रेकॉर्डचा हात मोकळा कसा फिरवायचा. थाळी तर फिरत राहिली पाहिजे, पण गाणं बोटाखाली थांबलेलं पाहिजे. थाळीवरचं रबर रेकॉर्डला सोडत नव्हतं. संध्याकाळी बायकोच्या जुन्या पातळाचा एक गोल तुकडा कापला आणि रबर आणि रेकॉर्ड यांच्यामध्ये घातला. आता थाळी खाली फिरायची आणि रेकॉर्ड बोटाने धरून ठेवता यायची. पहिली थाप कुठे आहे ते शोधायला ट्रान्झिस्टरचं कानात घालायचं बोंडुक घेतलं आणि त्याची तार दुसऱ्या प्लेअरला जोडली. डाव्या कानात येणारं गाणं, उजव्या कानात वाजणारं गाणं. रेकॉर्ड थापेवर आणून धरायची, बोटाने जागच्या जागी मागेपुढे हलवायची, वाजणाऱ्या गाण्यासोबत दोन-तीन वेळा मनातल्या मनात सोडून बघायची आणि मग खरंच सोडायची.

सोडली. डावा आणि उजवा कान एक झाले. दोन ढोलक्या वाजत होत्या आणि थाप एकच ऐकू येत होती. मी एक बटन हळूहळू चढवलं, दुसरं उतरवलं आणि एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात गेलो. मधे फट नाही, अडखळ नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. असं कोणी करतं हे मी ऐकलं नव्हतं, पाहिलं नव्हतं. मोठ्या शहरांत करत असतील, मला काय माहीत. तुमसरच्या बाजारात त्या दिवशी ते पहिल्यांदा झालं आणि मी केलं.

पुढे जे झालं ते सांगताना अजून कान गरम होतात. पण सांगतो.

तुमसरजवळच्या एका गावातलं लग्न होतं, गोरज मुहूर्त. भाटवा नेहमीसारखा वरातीच्या पुढे आणि मी गाडीवर. मनाशी ठरवलेलं, आज दाखवायचंच. पहिलं गाणं संपायच्या आत दुसरं घेतलं. लोकांना आधी समजलं नाही. मग समजलं आणि एकच आरोळी उठली. तिसरं घेतलं, चौथं घेतलं. नवरदेवाचे मित्र, काका, मावसा, सगळे घामाने निथळत होते आणि थांबत नव्हते. पुढून भाटवा दुपट्टा हलवत होता. मला वाटलं, खूश होऊन हलवतो आहे. मीही हात हलवला. पाचवं, सहावं, सातवं. अशी चढली होती मला की पिठाच्या गिरणीसमोरून आम्ही जवळजवळ अर्धा तास हललोच नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही.

गाणं संपल्याशिवाय गाडी हलत नाही आणि गाडी हलल्याशिवाय वरात हलत नाही. मी गाणं संपूच दिलं नव्हतं.

शेवटी नवरीचा मामा मांडवातून धावत आला आणि त्याने बॅटरीची तार उपटली. पोंगे गप्प झाले. त्या शांततेत तो ओरडला, ‘मुहूर्त टळला ना बे! पोरगी पाटावर बसून हाय सकाळपासून उपाशी!’ सगळी वरात माझ्याकडे बघायला लागली. आत्ता जे नाचत होते तेही असे बघत होते की जणू मी त्यांना बांधून नाचवलं. पुढचा मुहूर्त दोन तासांनी होता. ते दोन तास भाटवा नवरीच्या बापासमोर हात जोडून उभा होता. मी गाडीच्या आडोशाला बसून होतो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. वाटलं होतं, ती तरी माझी बाजू घेईल, जोड किती सुंदर बसले ते विचारेल. ती म्हणाली, ‘लगीन त्या पोरीचं होतं का तुमचं?’ आणि कूस बदलून झोपली. मला फार लागलं ते, कारण बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी भाटव्याने नेहमीची थट्टा केली नाही. पाठमोराच म्हणाला, ‘पवनीच्या साउंडवाल्याले शब्द देल्ला मी. सीझनचं शेवटचं लगीन झालं का तो येईन अन दुसरा प्लेअर घेऊन जाईन.’ भाटव्याचा शब्द म्हणजे काय ते तीन तालुक्यांना माहीत होतं. एकदा हो म्हटलं की तापाने फणफणलेला असला तरी तो पोंगे घेऊन हजर व्हायचा. त्याने शब्द फिरवल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. एक प्लेअर गेला म्हणजे माझी वही, माझं बोट, सगळं गेलं. एका थाळीवर जोड कशाचा करणार?

‘भाऊजी, चूक मायी होती,’ मी म्हणालो. ‘प्लेअरची नाही.’

‘तुयी होती म्हणूनच प्लेअर जाऊन राह्यला. तुले तं काढून टाकता येत नाही, बहीण हाय तुयी घरात.’

शेवटचं लग्न चिखल्याला होतं, खाणीच्या वसाहतीत. नऊ दिवस मध्ये होते. मी मिलमध्ये जाऊन बसलो, कारण मला दुसरीकडे विचार करता येत नाही. आमची धानाची मोठी चाळणी सबंध दिवस गदगदा हलायची, पण तिच्या पायाजवळ ठेवलेल्या माझ्या पेल्यातलं पाणी सांडत नसे, कारण चाळणी लवचीक पट्ट्यांवर बसवलेली होती. म्हणजे हादरा वाटेत खाऊन टाकता येतो. प्लेअरला गाडीपासून तसंच तोडलं, तर गाणं वाजत असतानाही गाडी चालवता येईल. आणि गाडी चालली की मुहूर्त कशाला टळतो?

मिलमधून धानाच्या तुसाची चार पोती आणली. गाडीवर ती पसरली, त्यांच्यावर हवा कमी भरलेल्या सायकलच्या ट्यूबा, त्यांच्यावर जाड फळी आणि फळीवर दोन्ही प्लेअर. पिनेच्या दांडीवर एकेक नाणं चिकटवलं, वजनासाठी. रोज दुपारी बाजार बंद असायचा तेव्हा बायको गाडी ढकलायची आणि मी सोबत पिनेवर डोळे लावून चालायचो. पहिल्या दिवशी दहा पावलांत उडाली. पोती जास्त भरलेली होती, तूस थोडं काढलं. मग चाळीस पावलं टिकली. मग दुकानापासून चौकापर्यंत. लोक दारातून बघून हसायचे. बायको घाम पुसत म्हणायची, ‘हसू द्या. कायले तिकडं पायता? पिन पाहा.’

दुसरी गोष्ट मात्र वहीत सापडली. नाचणारा माणूस थांबून नाचतो तो ठेका वेगळा असतो, उड्यांचा. आणि काही गाणी अशी असतात की त्यांवर पाय आपोआप पुढे पडतात, डावा-उजवा, डावा-उजवा. ठोके मोजले तर दोन्ही सारखेच. म्हणजे उड्यांच्या गाण्यातून चालीच्या गाण्यात जोड न दिसता जाता येतं. मी सगळ्या रेकॉर्डवर खडूने खुणा केल्या, उभी रेघ थांबायचं, आडवी रेघ चालायचं. आता मला वरात थांबवता येणार होती आणि चालवताही येणार होती, कोणी न ओरडता.

भाटव्याला विचारलं. त्याने गाडीवरची पोती बघितली, दाबून पाहिली. ‘घे,’ म्हणाला. ‘पण वरात अटकली तं तार मीच काढीन. मामाची वाट नाही पायणार.’

चिखल्याला जानोसा शाळेत होता आणि मांडव वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला. मॅंगनीजची काळी धूळ झाडांवर, कौलांवर, रस्त्याच्या कडेला. पहिली पाळी सुटलेली माणसं आंघोळी करून क्वार्टरांच्या दारात उभी होती. ऊन कलायला लागलं होतं. गाडी ढकलायला नवरदेवाच्या नात्यातले दोन धट्टेकट्टे गडी होते. त्यांना मी सांगून ठेवलं, ‘मी डोकं हलवलं का ढकलायचं. हळू, पाण्याची घागर हाय असं समजून.’

पहिलं गाणं उभ्या रेघेचं. लोक जमले, रंगात आले. दुसरं कानात घेतलं, थाप धरली, हात मोकळा फिरवला, सोडली. आडवी रेघ. डोकं हलवलं. गाडी सुरू झाली. माझी नजर पिनेवर. पिन खाचेत बसून राहिली. पुढे बघितलं तर नाचणारे नाचता नाचता चालत होते. त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. भाटव्याने सवयीने दुपट्टा उचलला, ‘चला, समोर’ म्हणायला तोंड उघडलं आणि तसाच राहिला. वरात त्याच्या अंगावरच येत होती. तो दोन पावलं मागे सरला, वळला आणि पुढे चालायला लागला. दर थोड्या वेळाने मागे वळून बघायचा. मी दिसलो की पुन्हा समोर.

शंभर पावलं चाल, मग एक उभ्या रेघेचं गाणं, पोटभर नाच, मग पुन्हा चाल. वसाहतीतल्या बाया दारातून उतरून सोबत यायला लागल्या. मला भूक नव्हती, तहान नव्हती. दोन्ही कान दोन ठिकाणी आणि मी मधे.

मांडव दिसायला लागला आणि मला रस्ता खोदलेला दिसला. नळाच्या पाइपासाठी आडवी चारी खणली होती आणि वरून नुसती माती लोटली होती. हातभर रुंद, चांगली खोल. गाडीचं चाक त्यात गेलं की तुसाची पोती काय करणार? थांबून चारी ओलांडायची तर गाणं तोडावं लागणार आणि भाटवा म्हणणार, तुझ्याने झालं नाही. माझे दोन्ही हात अडकलेले, कारण नेमका तेव्हाच मी जोडाच्या मध्यात होतो. एक बोट थाळीला, दुसरा हात बटनावर. गडी माझ्याकडे बघायला लागले.

भाटव्याने चारी माझ्या आधी पाहिली होती. तो वरात सोडून मागे आला, दुपट्टा कमरेला बांधला आणि एका गड्याला म्हणाला, ‘तू तिकडून धर.’ दोघांनी फळीखाली हात घातले आणि दोन्ही प्लेअरसकट फळी पोत्यांवरून वर उचलली. तारांना ढील होती, ती मीच ठेवली होती. भाटव्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. मी बोट काढायला लागलो तसा तो दातांवर दात ठेवून म्हणाला, ‘हात नको काढू. मी धरतो, तू तुयं कर.’

खाली दुसऱ्या गड्याने ढकललेली गाडी चारीत उतरली, धाडकन आदळली, पलीकडे चढली. पोंग्यांचे बांबू डुलले. फळी त्यांच्या हातांवर पाण्यासारखी सपाट होती. एक गाणं उतरलं, दुसरं चढलं. पिन हलली नाही. पुढे नाचणाऱ्यांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही, आणि तसंच व्हायला पाहिजे होतं.

फळी पोत्यांवर ठेवून भाटवा हात झटकत पुढे गेला. आम्ही मांडवाच्या दारात पोहोचलो तेव्हा भटजी अजून अक्षता कालवत होते. नवरीचा बाप खाणीत काम करणारा माणूस, नवा सदरा घालून दारात उभा होता. मुहूर्ताला अजून बराच वेळ आहे हे कळल्यावर तो हसून म्हणाला, ‘एवढ्या लवकर कशी काय आली बाप्पा वरात? अन नाच तं तिकडून इथवर ऐकू येऊन राह्यला होता.’ भाटवा पोंग्यांच्या दोऱ्या सोडायला लागला. मला उत्तर द्यावंसं वाटत होतं. वेळेवर स्वतःला आवरलं.

परतताना ट्रकच्या मागे सामानावर आम्ही शेजारी बसलो होतो. तो दुपट्ट्यावरची काळी धूळ झटकत होता. मनात मात्र माझं चालू होतं की आज तरी हा माणूस काही बोलेल. तुमसर आलं आणि तो पोंगे उतरवायला लागला.

दोन दिवसांनी पवनीचा साउंडवाला आला. सोबत टोपली आणि तिच्यात गवत, प्लेअर नीट नेता यावा म्हणून. मी आतल्या अंगाला तारा गुंडाळत होतो. काहीही होवो, बाहेर यायचं नाही, असं ठरवून गुंडाळत होतो. कारण बाहेर आलो तर भांडलो असतो आणि शब्द भाटव्याचा होता.

‘देता ना मंग?’ साउंडवाला म्हणाला.

स्टूल सरकल्याचा आवाज आला.

‘माफ कर बापा,’ भाटवा म्हणाला. ‘मी शब्द फिरवून राह्यलो.’

‘तुमी?’ त्याला खरं वाटेना. ‘तुमी शब्द फिरवता? काहून? मोडला का?’

‘मोडला नाही. तुले एक थाळी देली तं तुया काही कामाची नाही, अन माया साळा अर्धा होते. लोकाइले सांग, मी शब्द फिरवला म्हणून. सांग सगळ्याइले.’

माझ्या हातातली तार सुटली आणि सगळा गुंडाळा जमिनीवर उलगडला. मी तो पुन्हा उचलला नाही. तिथेच, तारांच्या मध्ये, भिंतीला पाठ लावून बसलो आणि बाहेर रिकामी टोपली फटफटीला बांधल्याचा आवाज ऐकत राहिलो.